श्वास घेतला की कॉमा? कुणी सांगितलं?

"इंग्रजी कॉमाचे 4 सोनेरी नियम" असा एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तीनदा आला, तिन्ही वेळा गप्प बसले. पण काल भाचीने नोकरीचा अर्ज तपासायला दिला, त्यात पहिलंच वाक्य: "द प्रोजेक्ट आय कम्प्लीटेड लास्ट इयर, वॉज अबाउट वॉटर क्वालिटी." म्हटलं इयरनंतर कॉमा कशाला गं? तर म्हणे, मावशी, तिथे श्वास घेतला ना मी.

हाच तो नियम पहिला, वाचताना जिथे श्वास घ्याल तिथे कॉमा. मग जिना चढून आलेल्या माणसाने काय प्रत्येक शब्दापुढे टाकायचा? "द प्रोजेक्ट" पासून "इयर" पर्यंत अख्खा कर्ता आहे आणि "वॉज" त्याचं क्रियापद, कर्ता कितीही लांबलचक असला तरी या दोघांमध्ये एकटा कॉमा घुसत नाही, संपला विषय. आणि हे बघा, "द स्टुडंट्स हू कॉपीड वेअर पनिश्ड" म्हणजे ज्यांनी कॉपी केली तेवढ्यांनाच शिक्षा. "हू" च्या आधी आणि "कॉपीड" च्या नंतर कॉमा टाका, की सगळ्यांनीच कॉपी केली आणि सगळेच अडकले! श्वासाचा काय संबंध?

आता खरं सांगायचं तर ही समजूत अगदीच हवेतून आलेली नाही. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख असलेल्या अरिस्टोफेनिसने ख्रिस्तपूर्व काळात ठिपक्यांची पद्धत काढली ती मोठ्याने वाचणाऱ्याला कुठे किती थांबायचं ते कळावं म्हणूनच. शिवाय आपण नावच ठेवलंय स्वल्पविराम, मग मुलं थांबणारच. पण आजचं इंग्रजी त्यावर चालत नाही.

नियम दुसरा, "अँड" आणि "ऑर" च्या आधी कॉमा कधीच नाही. यादीपुरतं अर्धं खरं, बरेच लोक तिथे टाकत नाहीत, ऑक्सफर्ड प्रकाशनवाले टाकतात. पण दोन पूर्ण वाक्यं जोडताना टाकायचाच असतो सहसा.

तिसरा, "बिकॉज" च्या आधी नेहमी कॉमा. नाही. पुढे.

चौथा तर कहर, "कॉमा चुकला तरी अर्थ कळतो, टेन्शन नको". अमेरिकेत मेन राज्यात ओकहर्स्ट डेअरीच्या ड्रायव्हर्सना विचारा. ओव्हरटाइम कुठल्या कामांना नाही त्याची कायद्यात यादी होती, शेवटी "पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन", आणि "शिपमेंट" नंतर कॉमा नव्हता. ड्रायव्हर म्हणाले, यात फक्त पॅकिंग आलं, माल पोचवणं नाही, आम्ही तर पोचवतो. 2017 मध्ये अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, 2018 मध्ये 50 लाख डॉलरवर तडजोड झाली. गंमत म्हणजे कायदे कसे लिहायचे याच्या त्या राज्याच्या मॅन्युअलमध्येच यादीत तो कॉमा टाकू नका असं होतं!

भाचीच्या अर्जातले सात कॉमे काढले आणि एक घातला, "डिअर सर" नंतरचा. तो नव्हताच. तिथे श्वास लागला नाही म्हणे.