‘सगळं मोबाइलवर आहे, मग पोरींना सवलत कशाला?’

व्हॉट्सअॅपवर एक मजकूर फिरतोय. त्याचा गोषवारा असा: लेक्चर यूट्यूबवर, नोट्स ग्रुपवर, फॉर्म ऑनलाइन, त्यात एसटीला अर्धं तिकीट. मग गरीब घरच्या कॉलेजच्या मुलींना प्रवासाची आणखी सोय कशाला हवी? रोज ये-जा करणाऱ्या ‘फिरायलाच’ जातात. पुढे हसण्याचे इमोजी.

आधी ‘सगळं ऑनलाइन’चं बघू. निकाल आणि हॉलतिकिटाच्या खेपा वाचल्या, कबूल. पण शिष्यवृत्ती घ्या. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवर, अर्ज ऑनलाइनच करायचा. त्याला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, म्हणून सेतू केंद्र. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येणार, म्हणून बँक, आणि बँकेची शाखा तालुक्याला. केंद्रात नंबर लागला की ओटीपी जातो बापाच्या फोनवर; बाप उसाला पाणी धरायला गेलेला, फोन घरी चार्जिंगला. ‘उद्या या.’ सर्व्हर डाऊन, तरी ‘उद्या या.’ शेवटी भरलेल्या अर्जाची प्रिंट कॉलेजात नेऊन द्यायची ती वेगळीच. बरोबर आई आली असेल तर तिचा रोज बुडाला. शिवाय भरतीची जाहिरात, कॅम्पस मुलाखतीची तारीख पोरीला फोनवरच कळते, आणि तिथं पोहोचायला गाडीच लागते.

तो फोन तरी कुणाचा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं, बायकांपैकी 33 टक्क्यांनीच. आकडे आता वाढले असतील, पण घरात एकच स्मार्टफोन असला की तो कुणाच्या खिशात असतो हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही. आणि व्हिडिओ बघून केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलमधली ब्युरेट, म्हणजे मापाची काचनळी, हाताळता येत नाही. जर्नलवर सही लॅबमध्येच मिळते.

आता अर्धं तिकीट. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत निम्मं भाडं, कॉलेजच्या पोरापोरींना मासिक पास साधारण तिसऱ्या हिश्श्यात. चांगलंच आहे. पण ग्रामीण मुलींचा अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास बारावीला संपतो. म्हणजे कॉलेज लांब गेलं की फुकट पास बंद! 2024-25 पासून 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली, त्यात गाडीभाडं नाही. वाडीपासून फाट्यापर्यंतच्या वडापला, म्हणजे खासगी शेअर जीपला, कसलीच सवलत नाही. शिवाय प्रॅक्टिकल पाचला सुटलं आणि गावाकडची शेवटची गाडी साडेचारला निघून गेली, तर अर्ध्या तिकिटाचं करायचं काय?

‘मुली तशाही फारशा लांब जात नाहीत, मागणीच नाही’ हा मुद्दा मला सगळ्यात उलटा वाटतो. अर्थतज्ज्ञ गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची कॉलेजनिवड तपासली. रस्ते आणि त्यावरच्या छेडछाडीचा अंदाज त्यांनी गूगल मॅप्स आणि सुरक्षेच्या मोबाइल अॅपवरच्या माहितीतून घेतला. निष्कर्ष असा, की जास्त सुरक्षित वाटणाऱ्या वाटेसाठी मुली कमी दर्जाचं कॉलेज पत्करतात. आपल्याकडे हेच ‘सायन्सचं कॉलेज लांब पडतं, आर्ट्सला घाला’ असं ऐकू येतं. जी पोर बसमध्ये चढलीच नाही, ती बसच्या मोजणीत कशी येणार? ‘ओला-उबर आहे की’ म्हणणाऱ्यांनी एकदा तालुक्याच्या स्टँडवरून अॅप उघडून बघावं.

राहिलं ‘फिरायला’. बहुतेक पोरींचं फिरणं म्हणजे लायब्ररी, झेरॉक्सचं दुकान, एखादा वडापाव, आणि दर तासाला घरचा फोन: ‘कुठं पोचलीस?’ पण समजा, एखादी गेली पिक्चरला. विद्यार्थी पासची तीच सवलत मुलांनाही आहे, आणि मॅटिनीला बसलेल्या पोराच्या पासचा हिशेब त्या मजकुरात कुणी मागितलेला नाही.