सालदाराचं घरकुल आणि माझं भाड्याचं घर

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आठवडा उरला होता. या वर्षी तरी येतेस का, हे विचारायला जिभाऊंनी लंडनला मला फोन केला. जिभाऊ म्हणजे माझे मोठे चुलतभाऊ, गावाकडची शेती तेच बघतात. बोलता बोलता विषय आमच्या जुन्या सालदारावर, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्यावर, गेला. ‘सरकारनं त्याला घरकुल दिलं आणि आता तो भाडं खातोय,’ असं ते तावातावाने सांगत होते. ग्रामसभेत अर्ज द्यायचा, घरकुलाचे पैसे वसूल करायला लावायचे, असं गावातल्या चार-पाच जणांनी ठरवलंय म्हणे. फोन ठेवला तेव्हा माझा चहा गार झाला होता. त्याला आता तीन आठवडे झाले. बसमध्ये, कामावर, भाकरी थापताना, मी मनातल्या मनात अजून जिभाऊंशी भांडतेय.

प्रकरण एवढंच आहे. आमच्या अमळनेर तालुक्यातल्या गावात हा माणूस सतरा वर्षं आमच्याच घराण्यात सालाने होता. आखाजीला साल ठरायचं, धान्य आणि कपडे ठरायचे. राहायला धाब्याचं घर. पावसाळ्यात धाब्यावर खारी माती टाकायला त्याला वेळ मिळायचा नाही, कारण तेव्हा आमची निंदणी चालू असायची. तो पाऊस त्याच्या चुलीत गळायचा, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. 2018 च्या सुमारास प्रधानमंत्री आवास योजनेत त्याचं नाव लागलं. सपाट भागात 1 लाख 20 हजार रुपये, तेही हप्त्याहप्त्याने, पाया झाला की फोटो, भिंती झाल्या की फोटो. 269 चौरस फुटांचं घर. पुढे त्याची मुलगी नर्सिंग शिकून सुरतेला नोकरीला लागली. तिच्या पगारातून त्याने गावठाणातल्या तुकड्यावर पत्र्याच्या दोन खोल्या काढल्या. कापसाच्या जिनिंगवर काम करणारे मजूर तिथे राहतात, खोलीमागे पंधराशे रुपये देतात.

तो स्वतः घरकुलातच राहतो. हे मी जिभाऊंना फोनवर दोनदा विचारून घेतलं. मग घोटाळा कुठे आहे? घर मिळालं त्या दिवशी त्याच्याकडे पक्की भिंत नव्हती. आज त्याच्या लेकीने चार पैसे मिळवले, तर सात वर्षांपूर्वीची त्याची गरज खोटी ठरते का? घरकुल स्वतः न राहता परस्पर दुसऱ्याला भाड्याने देणारे लोकही आहेत, त्यांच्यावर कारवाई करा, मी जिभाऊंच्या बाजूने उभी राहीन. खानदेशात घरकुलाच्या नावाने खरी लूट काय असते हे आपण पाहिलंय. जळगावच्या घरकुल घोटाळ्यात 2019 साली धुळ्याच्या विशेष न्यायालयाने पुढाऱ्यांना आणि नगरसेवकांना शिक्षा ठोठावल्या. तो डोंगर पोखरून झाल्यावर आता पत्र्याच्या दोन खोल्या मोजायच्या?

आणि हे बोलतंय कोण? जिभाऊ, तुम्हाला राग येईल, पण बोलल्याशिवाय मला राहवत नाही. पीएम किसानचे वर्षाला 6 हजार तुम्ही घेता, त्यावर राज्याचे 6 हजार. 2017 च्या कर्जमाफीत तुमचं नाव होतं. साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपाचं वीजबिल 2024 पासून माफ आहे, तुमचे पंप त्यातच बसतात. आणि अमळनेरला तुमचे दोन गाळे भाड्याने आहेत. गाळ्यांचं भाडं येतं म्हणून वीजबिल भरायला लावा, असं कोणी ग्रामसभेत म्हटलेलं मी ऐकलं नाही. बागायतदाराला मिळालं की ती शेतीला मदत, सालदाराला मिळालं की ती खैरात.

इथे लंडनमध्ये हाच वाद मी वीस वर्षं ऐकतेय, फक्त माणसं वेगळी. काउन्सिल म्हणजे इथली नगरपालिका, ती गरजूंना कमी भाड्यात घर देते. अशा घरात राहणाऱ्याचं दुसरीकडे स्वतःचं, भाड्याने दिलेलं घर असावं का? कायदा बऱ्यापैकी स्वच्छ आहे. यादीत नाव घालताना स्वतःचं घर असेल, मग ते परदेशात का असेना, तर पुष्कळ काउन्सिलं दारातूनच परत पाठवतात. पण एकदा पक्की टेनन्सी, म्हणजे भाडेकरूचा कायमचा हक्क, मिळाली, आणि ते तुमचं मुख्य राहतं घर असलं, की नंतर दुसरीकडे मालमत्ता झाली एवढ्याच कारणाने ते जात नाही. काउन्सिलचं घर चोरून दुसऱ्याला भाड्याने देणं मात्र 2013 च्या कायद्याने फौजदारी गुन्हा आहे. राहतोस ना, एवढा एकच प्रश्न. जिभाऊंना मी तेच सांगत होते. इथे माणसाला आयुष्यभर गरिबीचा दाखला गळ्यात घालून फिरायला लावत नाहीत.

अर्थात हेही सगळं खरं नाही. आमच्याच जिन्यावर, माझ्या बरोबर वरचं घर राइट टू बायमध्ये गेलं, म्हणजे तिथल्या भाडेकरूने ते काउन्सिलकडून सवलतीत विकत घेतलं. 1980 पासून इंग्लंडमध्ये अशी सुमारे 20 लाख घरं सवलतीत विकली गेली. वरचे आजोबा केंटला राहायला गेले, घर एजंटाकडे दिलं. मी आठवड्याला 135 पौंड भरते, वरची मुलं महिन्याला 1,900 भरतात. तोच बॉयलर, तीच ओल, तीच बंद पडणारी लिफ्ट. काही काउन्सिलं तर आपलीच विकलेली घरं बेघर कुटुंबांसाठी मालकांकडून पुन्हा भाड्याने घेतात. त्या मालकांना कोणी भाडं खाणारे म्हणत नाही, त्यांना लँडलॉर्ड म्हणतात.

आता माझं सांगते. हे सांगितल्याशिवाय जिभाऊंशी चाललेलं भांडण प्रामाणिक होणार नाही.

नवरा गेल्यावर दोन मुलांना घेऊन मी तात्पुरत्या निवाऱ्याच्या एका खोलीत दोन वर्षं काढली. खाट, फ्रिज आणि मुलांचे अभ्यास, सगळं त्या एका खोलीत. 2007 साली हे दोन बेडरूमचं घर मिळालं, तेव्हा माझ्याकडे जगात कुठेही एक वीट नव्हती. नंतर नाना, माझे वडील, गेले. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी करून त्यांनी अमळनेरला बांधलेलं घर माझ्या नावावर झालं. त्यात दोन बिऱ्हाडं आहेत, मिळून महिन्याला साडेतेरा हजार येतात. मी काउन्सिलच्या ऑफिसात जाऊन विचारलं. तिथल्या बाईंनी विचारलं, तुम्ही राहता कुठे? मी म्हणाले, इथेच. मग चालेल, म्हणाल्या. ते भाडं मी दरवर्षी 31 जानेवारीच्या आत एचएमआरसीला, म्हणजे इथल्या कर खात्याला, दाखवते. सरकारी भत्ते घेत नाही. नियमाने माझ्यावर बोट ठेवायला जागा नाही.

तरी रात्री बोट ठेवलं जातं. इंग्लंडात काउन्सिलच्या यादीवर सुमारे 13 लाख कुटुंबं आहेत. लाखाहून जास्त कुटुंबं आजही तात्पुरत्या निवाऱ्यात आहेत, मी होते तशीच. माझी मुलगी लग्न होऊन गेली, मुलगा मँचेस्टरला असतो. मुलांची खोली रिकामी आहे, तिथे मी कपडे वाळत घालते. कुठल्यातरी आईची दोन मुलं त्या खोलीत झोपू शकली असती. ज्यांना परवडतं त्यांच्याकडून जास्त भाडं घ्यावं, असा कायदा इथे 2016 मध्ये आला आणि त्याच वर्षी सरकारने तो सगळ्यांवर लादायचा विचार सोडून दिला. तो लागू झाला असता तर माझ्या अमळनेरच्या भाड्यासकट हिशेब करा, असं मी स्वतः म्हटलं असतं. घरातून बाहेर काढा, असं मात्र म्हणवत नाही. सालदाराच्या बाबतीतही मला हेच म्हणायचंय.

जिभाऊ विचारतील, मग नानांचं घर विकून का टाकत नाहीस? त्या पैशात लंडनला एक न्हाणीघरही येणार नाही, हे माझं ठरलेलं उत्तर. खरं उत्तर वेगळं आहे. ते विकलं की आखाजीला मी कोणाच्या दारात जाऊ? आजही मी जिभाऊंकडेच उतरते, नानांच्या घरात दुसऱ्यांचे गॅस आणि दुसऱ्यांचे देव आहेत. पण ओट्याच्या पायरीवर नानांनी ओल्या सिमेंटवर बोटाने कोरलेलं माझं नाव आहे. भाडेकरूंच्या चपला त्यावर असतात. मी गेले की त्या बाजूला करून बघते.

दोन वर्षांपूर्वी मी सालदाराच्या घरकुलात गेले होते. दारावर योजनेची पाटी, आत नीळ घातलेला चुना, कोपऱ्यात दादर ज्वारीचं पोतं. त्याच्या बायकोने काळा चहा दिला. ‘हाई मन्हं घर शे,’ म्हणत तिने भिंतीवर थाप मारली. मग तिने विचारलं, ‘ताई, तठे तुमचं घर सोताचं शे ना?’

मी तिला हो म्हणाले. जिभाऊंनाही आजवर तेच ठाऊक आहे.