‘प्राणवीणा’चा पियानो झालेला नाही

भजनी मंडळाच्या ग्रुपवरून फिरत फिरत तो मेसेज आत्याकडे आला, आत्याने तो कोथरूडच्या नातवाला पाठवला आणि त्याने तो शाळेच्या प्रोजेक्टमध्ये उतरवूनही काढला. आता गप्प बसवत नाही. दावा असा: पियानो हा संस्कृत ‘प्राणवीणा’चा अपभ्रंश, त्याच्या ८८ पट्ट्या म्हणजे आपल्या संगीतातल्या २२ श्रुती, म्हणजे सूक्ष्म स्वर, गुणिले ४, सगळं ‘संगीत रत्नाकरा’त आहे आणि इंग्रजांनी ते तंजावरहून चोरलं.

आधी शब्द. इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या मेदिची या सत्ताधारी घराण्याच्या वाद्यांची १७०० सालची यादी उपलब्ध आहे. तीत बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने नव्याने शोधलेल्या वाद्याची नोंद आहे: ‘के फा इल पियानो ए इल फोर्ते’, म्हणजे हळू आणि जोरात, दोन्ही वाजणारं. त्यातूनच ‘पियानोफोर्ते’ आणि पुढे नुसतं पियानो. इटालियनमध्ये पियानो म्हणजे सपाट, हळू, अगदी इमारतीचा मजलासुद्धा. मूळ लॅटिन ‘प्लानुस’. इतका लेखी पुरावा असताना ‘प्राणवीणा’ कशाला?

सगळ्यात संताप येतो तो २२ गुणिले ४ चा, कारण हिशोब जुळतो म्हणून लोकांना लगेच पटतो. अहो, २२ श्रुती एका सप्तकाच्या! म्हणजे ८८ ला चारच सप्तकं झाली. पियानोवर सात सप्तकं आणि वर चार पट्ट्या आहेत, आणि सप्तकात पट्ट्या बाराच. घरची पेटी उघडा आणि मोजा: सात पांढऱ्या, पाच काळ्या. श्रुती त्या पट्ट्यांत मावत नाहीत, म्हणून तर पेटीवर इतके आक्षेप घेतले गेले. आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत तिला बंदी होती. शिवाय क्रिस्तोफोरीचा १७२६ चा पियानो लाइपझिगला आहे, त्याला पट्ट्या ४९. मोत्सार्टच्या पियानोला साधारण पाच सप्तकं. ८८ रूढ झाल्या त्या १८८० च्या दशकात. हे गणित पाठ केलेल्या पोराला पियानो तर कळणार नाहीच, श्रुती म्हणजे काय हेही कधी कळणार नाही.

‘संगीत रत्नाकर’ शारंगदेवांनी तेराव्या शतकात देवगिरीला, आपल्याच मुलखात लिहिला. सात अध्यायांचा ग्रंथ. मेसेजमध्ये ना अध्याय, ना श्लोक. आणि फ्लॉरेन्समधल्या वाद्यात तंजावरचे इंग्रज आले कुठून?

एक मात्र मान्य करावं लागेल. तारांवर आघात करून वाजवायची वाद्यं पियानोच्या आधीपासून आहेत. आपलं संतूर त्याच जातीचं. ‘सवाई गंधर्व’ महोत्सवात शिवकुमार शर्मांना ऐकलेल्यांना कलमाने, म्हणजे संतूरच्या लाकडी काडीने, नाद किती हलका करता येतो ते ठाऊक आहे. पण तिथे कलम वादकाच्या बोटांत असते. पियानोच्या आधीच्या हार्पसिकॉर्ड या पट्ट्यांच्या वाद्यात पट्टी दाबली की तार छेडली जायची. बोट हळू ठेवा की जोरात, आवाज जवळपास तेवढाच. क्रिस्तोफोरीने पट्टीमागे हातोडी बसवली आणि तारेवर आदळताच ती सुटून मागे पडेल अशी कळ केली. ती कळ नसती तर पट्टी दाबलेली असेपर्यंत हातोडी तारेलाच टेकून राहिली असती आणि नाद जागीच दबला असता.