‘लुकलुकला की लाइन ओके’? तसं नसतं, भावा

आमच्या उद्यमनगरातल्या पॅनेलवाल्यांत एक मेसेज सारखा फिरतोय: ‘आरएस-४८५ च्या (मीटर-मशीन जोडणारी दोन तारांची डेटा लाइन) ए आणि बी तारांमध्ये लाल एलईडी नि ३३० ओहमचा रेझिस्टर टाका. लुकलुकला की कम्युनिकेशन ओके. नाही लुकलुकला, तर केबल तुटली. दोन रुपयांत टेस्टर!’

टेबलावर हातभर वायरीवर हे चालतं, म्हणूनच पसरलं.

‘नाही लुकलुकला, तर केबल तुटली.’ लाल एलईडी पेटायला १.८ व्होल्टच्या आसपास लागतात. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असलेल्या लाइनवर ड्रायव्हरने (डेटा पाठवणाऱ्या चिपने) किमान १.५ व्होल्ट द्यावेत, एवढंच स्टँडर्ड मागतं. रिसीव्हरला (डेटा घेणाऱ्याला) तर ०.२ व्होल्ट पुरतात. म्हणजे डेटा ठणठणीत चाललाय आणि दिवा गपगार, असं होऊ शकतं. त्यात ११५२०० च्या बॉडरेटला, म्हणजे सेकंदाला तेवढे बिट या वेगाला, मॉडबसची (या तारांवर बोलायची भाषा) आठ बाइटची विचारणा पाऊण मिलिसेकंदात संपते. भर उजेडात ती चमक कुणाला दिसणार?

‘लुकलुकला की ओके.’ खरा घोळ इथं आहे. शिरोलीच्या एका फाउंड्रीत एकाही एनर्जी मीटरचं रीडिंग येईना. पॅनेलमध्ये असाच एलईडी, चांगला पेटलेला, मधेच थरथरणारा. हेल्पर म्हणाला, “दिवा लागलाय की सायेब, लाइन ओके हाय.” आम्ही दोन तास पीएलसीचा (मीटरांना विचारणाऱ्या कंट्रोलरचा) प्रोग्रॅम उकरत बसलो. शेवटी एकेक मीटर सोडवत गेलो, तेव्हा कळलं की एका मीटरचा ट्रान्समीटर चालूच अडकलाय आणि बाकीच्यांना बोलू देत नाही. दिवा त्याच्यामुळंच पेटला होता! बॉडरेट चुकला, पत्ता चुकला, सीआरसी (डेटा बरोबर आला का ते तपासायचा आकडा) जुळेना, तरी एलईडी लुकलुकतोच. त्याला फक्त व्होल्टेज कळतं.

‘लाइनवर काही लोड येत नाही,’ असंही खाली कुणीतरी जोडलंय. एका एलईडीनं लाइन पडते, असं मी म्हणणार नाही. पण साधा रिसीव्हर १२ किलोओहमचा धरला, तर ३ व्होल्टला तो पाव मिलिअँप घेतो आणि हा एलईडी साडेतीनच्या वर. प्रत्येक पॅनेलात एकेक लावला, की बघा हिशेब करून.

दिवा हवाच असेल, तर तारांना हात न लावता आरएस-४८५ च्या चिपच्या कंट्रोलरकडच्या बाजूला लावा. मॅक्स४८५ या चिपच्या १ नंबरच्या आरओ पिनवरून (आलेला डेटा इथून बाहेर पडतो) सिग्नल ७४एचसी१२३ या पल्स ताणणाऱ्या चिपला द्या आणि पल्स ५० मिलिसेकंदांपर्यंत ताणा. दुसरा दिवा तसाच डीई पिनवरून (ही पिन पाठवणं चालू करते). आरई (घेणं चालू-बंद करणारी पिन) आणि डीई एकत्र बांधले असतील (बहुतेक बोर्डांवर असतातच), तर आरओला पुल-अप (सप्लायकडे जोडलेला रेझिस्टर) विसरू नका, नाहीतर आपण बोलत असताना ती पिन लोंबकळत राहते. डीईचा दिवा चमकतोय, आरओचा गप, म्हणजे विचारणा जातेय, उत्तर येत नाही. आणि ७४एचसी१२३ सिग्नल बदलला तरच पल्स देतो, त्यामुळे लाइन नुसती अडकून बसली, तर दिवा पेटून राहत नाही.