पेडल स्टीलची किंमत: नाव, साल आणि ‘सगळं ओरिजनल’

जुन्या वाद्यांचा नाद असलेल्या मंडळींत एक सल्ला कायम फिरत असतो. जुनी पेडल स्टील गिटार घेताना ब्रँड बघा, साल बघा, सगळे भाग मूळचेच आहेत ना ते बघा, दोन नेक (तारा ताणलेल्या दोन वेगळ्या पट्ट्या) आणि भरपूर पेडलं असतील तर उत्तमच. बाकी किरकोळ दुरुस्ती नंतर होते. साध्या सहा तारांच्या इलेक्ट्रिक गिटारला हा सल्ला बऱ्यापैकी लागू पडतो. पेडल स्टीलच्या बाबतीत मात्र तो खिशाला खड्डा पाडतो.

आपल्याकडे व्हॅन शिप्ली, हजारा सिंग यांच्या रेकॉर्डमुळे हवाइयन गिटार ठाऊक असते, आणि पेडल स्टील म्हणजे तीच, फक्त पाय लावलेली, अशी समजूत असते. पण इथे तारांवर धातूचा बार सरकवण्याबरोबरच पायाने आणि गुडघ्याने तारा ताणल्या-सैल केल्या जातात. त्यासाठी पोटाखाली सळ्या, बेलक्रँक (सळीची ओढ वळवणारे छोटे दांडे), स्प्रिंगा आणि टोकाला चेंजर, म्हणजे तारा प्रत्यक्ष ताणणारा-सोडणारा भाग, असतो. अर्धं वाद्य म्हणजे यंत्र, आणि विकणाऱ्याच्या फोटोत नेमकं तेच दिसत नाही.

आता एकेक मुद्दा घेऊ.

‘नाव मोठं तर माल चोख.’ शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स यांनी 1957 च्या सुमारास सुरू केलेल्या शो-बड या कंपनीचं नाव मोठंच आहे. पण त्याच नावाने मॅव्हरिक हे विद्यार्थ्यांसाठीचं मॉडेलही विकलं गेलं. त्यात तीन पेडलं आणि सहसा एकच नी-लीव्हर, म्हणजे गुडघ्याने ढकलायचा दांडा. ई-नाइन या नेहमीच्या ट्यूनिंगची आजची शिकवणी तीन पेडलं आणि निदान चार लीव्हर गृहीत धरते. ‘ई’च्या तारा अर्धा स्वर चढवायलाही लागतात आणि उतरवायलाही, एका लीव्हरवर दोन्ही कसं जमवणार? चौथ्या-पाचव्या धड्याला गाडी अडते. फेंडर 1000 चंही तसंच. नाव जगभर, पण प्रत्येक नेकला आठच तारा, तर आजचं ई-नाइन दहा तारांचं. त्यातल्या वरच्या दोन तारा एमन्सने 1962 मध्ये आणल्या. फेंडर वाईट होती असं अजिबात नाही. स्नीकी पीट क्लाइनोने फ्लाइंग बरिटो ब्रदर्स या बँडमध्ये आठ तारांची फेंडर 400 च वाजवली आणि काय वाजवली! पण त्याचं ट्यूनिंग वेगळं होतं, ते तुमचा ऑनलाइन गुरू शिकवणार नाही. उलट डॅलसच्या एमएसए या कंपनीचं नाव ऐकून कुणी भुवया उंचावत नाही. सत्तरच्या दशकातली एमएसए क्लासिक उचलताना कंबर धरते खरी, पण यंत्र भरवशाचं.

‘जितकी जुनी तितकी मौल्यवान.’ डाउनीच्या पॉल बिग्जबीने हाताने घडवलेली असेल, किंवा बडी एमन्सच्या नावाने निघालेली अगदी सुरुवातीची एमन्स पुश-पुल (पुश-पुल ही चेंजरची एक जुनी पद्धत) असेल, तर सालाला वजन आहे. ती संग्राहकांची बाजारपेठ. बाकीच्यांत साल एका दिशेने चालत नाही. साठच्या दशकातल्या कितीतरी वाद्यांना पुरेसे लीव्हर नाहीत. दुसरीकडे शो-बडच्या शेवटच्या काळातल्या काही मॉडेलांत स्वस्त ओतीव धातूचे भाग आहेत, ते तडकतात. म्हणजे खूप जुनीही अडचणीची आणि त्यामानाने नवीही.

‘एकही भाग बदललेला नको.’ लाकडाबद्दल हे मान्य. बर्ड्स-आय मेपलवरचं मूळ लॅकर खरवडून कुणी नवं रंगवलं असेल तर भाव पडतो, आणि पडायलाच हवा. पण जाणकार कारागिराने नीट बसवलेले दोन जादा लीव्हर हा दोष कसला? वाजवणारा त्याचे वरून पैसे देईल. चाळीस-पन्नास वर्षं न उघडलेल्या चेंजरला ‘ओरिजनल’ म्हणून मिरवणं म्हणजे गाडीचं इंजिन ऑइल कधीच बदललं नाही हे अभिमानाने सांगणं.

दोन नेकांबद्दल थोडक्यात: दुसरा नेक सी-सिक्स ट्यूनिंगचा, जॅझ आणि वेस्टर्न स्विंगकडे झुकणारा. तो वाजवणार नसाल तर उगाच ओझं. दोन नेक म्हणून दुप्पट किंमत होत नाही.

खरा घोळ ‘दुरुस्ती नंतर होते’ या वाक्यात आहे. दुरुस्ती होतेच, प्रश्न कसली हा आहे. नायलॉनच्या ट्यूनिंग नटा फुटल्यात, सळी वाकलीय, स्प्रिंग गेलीय: हे किरकोळ. चेंजरची बोटं, म्हणजे तारा ज्यांवरून जातात ते धातूचे तुकडे, झिजणं किरकोळ नाही. तार ज्या गोलाईवरून जाते तिथे चर पडलेला असेल तर .011 ची तिसरी तार, म्हणजे जी शार्पवरून ए-ला चढणारी, तिथेच पुन्हापुन्हा तुटते. नख फिरवून बघा, चर लागतो.

दुसरी परीक्षा ट्यूनर लावून. ए पेडल दाबलं की पाचवी तार बी-वरून सी शार्पला जाते. दाबा, सोडा, परत दाबा, सोडा. ती दर वेळी त्याच बी-वर येते का? येत नसेल तर चेंजर साफ करून भागेल किंवा भागणारही नाही. किंमत न भागण्याच्या हिशेबाने बोला. मग चौथी, ई-ची तार छेडून ए आणि बी पेडलं एकत्र दाबा. या तारेला ती दोन्ही पेडलं ओढत नाहीत, तरी स्वर उतरतो, कारण दाबाने सगळा सांगाडाच किंचित वाकतो. तीन-चार सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चालतात. दहाच्या पुढे गेलं तर कान सांगेलच, आणि लाकडी सांगाड्याचं हे दुखणं सहजी बरं होत नाही.

एमन्स पुश-पुल घेताना आणखी एक. तिच्या आवाजावर लोक जीव टाकतात, त्यात खोट नाही. पण कोणतं पेडल कोणती तार ओढेल ही मांडणी तिच्यात बदलणं ऑल-पुल या आजच्या प्रचलित पद्धतीइतकं सोपं नसतं. आहे तीच मांडणी चालणार असेल तरच पूर्ण किंमत मोजा.

माझा हिशेब सरळ आहे: तीन पेडलं-चार लीव्हरची, स्वरात टिकणारी वापरलेली एकनेकी स्टील आज कितीला मिळते तो पाया धरायचा. समोरचीत जे कमी आहे ते बसवायचा खर्च आणि पेटीसकट पाठवायचं भाडं त्यातून वजा करायचं. दोन नेकांची पेटी तीस किलोच्या घरात जाते. नावाचे पैसे द्यायचेच असतील तर त्यानंतर, आणि हौस म्हणून. सौदा करण्याआधी वाद्य उलटं ठेवून काढलेले पोटाचे फोटो मागा. ‘बघून पाठवतो’ म्हणत कुणी आठवडा लावला तर दुसरी शोधायला घ्या.