"हॉस्पिटलातल्या कुणालाच कोरोना झाला नाही" म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गावच्या ग्रुपवर परवा परत तोच मेसेज फिरायला लागला. दोन दिवसात तीन ग्रुपवर बघितला, त्यातल्या एका ठिकाणी तर माझ्या सख्ख्या मामेभावानं टाकलेला आणि खाली भराभर हात जोडलेले. मी मिरजेत राहते, कोविडच्या दोन्ही लाटांत वॉर्डात सिस्टर म्हणून ड्युटी केलीय, त्यामुळं मला गप्प बसवेना. ग्रुपवर भांडण नको म्हणून इथं सविस्तर लिहितेय, दादानं वाचावं आणि हात जोडलेल्यांनीपण वाचावं.

मेसेज थोडक्यात असा आहे: कोरोना खरंच एवढा भयंकर असता तर चोवीस तास त्यात राहणारे डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय आधी मेले असते, पण हॉस्पिटलातल्या कुणालाच काही झालं नाही. ज्या थोड्यांना झाला त्यांना बाहेरनं झाला. पीपीई किट आणि मास्क म्हणजे नुसता बिल वाढवायचा धंदा. दोन-दोन लसी घेतलेल्या डॉक्टरांनाच परत कोरोना झाला. आणि झाडलोट करणाऱ्या मावशींना काहीच झालं नाही, कारण कष्टाच्या शरीराला असले रोग होत नाहीत.

पहिलं "कुणालाच काही झालं नाही" हे घेते, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे.

अगदी सुरुवातीला, वुहानमधल्या एका हॉस्पिटलात जे पहिले १३८ पेशंट ॲडमिट झाले त्यातले ४० तिथलेच कर्मचारी होते. ११ फेब्रुवारी २०२० पर्यंत चीनमध्ये १,७१६ आरोग्य कर्मचारी पॉझिटिव्ह निघालेले, त्यातले जवळजवळ १५ टक्के सिरियस. आता आपल्याकडचं बघा. फेब्रुवारी २०२१ मध्ये, म्हणजे दुसरी लाट यायच्या आधी, केंद्र सरकारनं राज्यसभेत सांगितलं की कोरोनानं १६२ डॉक्टर, १०७ नर्स आणि ४४ आशा वर्कर गेल्या. त्यावर आयएमए, म्हणजे डॉक्टरांची देशभरची संघटना, चिडली, कारण त्यांच्या यादीत तेव्हाच ७३४ डॉक्टरांची नावं होती. म्हणजे वाद होता तो १६२ का ७३४ असा होता, शून्य आहे असं कुणीच म्हणत नव्हतं. सगळ्या जगाचा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेनं काढला, जानेवारी २०२० ते मे २०२१ एवढ्या काळात ८० हजार ते १ लाख ८० हजारच्या दरम्यान आरोग्य कर्मचारी गेले.

आणि सगळे का नाही मेले? तर वॉर्डात काम करणारी बहुतेक माणसं पंचवीस ते पंचावन्न वयाची असतात आणि हा रोग वयाबरोबर झपाट्यानं घातक होतो, त्यामुळं संसर्ग भरपूर होऊनही मरणाचा आकडा सत्तरीच्या माणसांएवढा होत नाही. लागण किती झाली आणि मेले किती ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मेसेजात त्या एकात घातल्यात. आयसीएमआरनं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेनं, डिसेंबर २०२० ते जानेवारी २०२१ मध्ये देशभर रक्त तपासलं, तेव्हा लस आली नव्हती, सामान्य माणसांत साधारण २१ टक्क्यांच्या रक्तात अँटिबॉडी (लागण होऊन गेल्याची खूण) होत्या आणि आरोग्य कर्मचाऱ्यांत २५ टक्क्यांच्या वर. आपण सांगलीकर आहोत, आपल्याला हे समजायला अवघड नाही. २०१९ च्या पुरात बोटीवर काम करणारी पोरं सगळी बुडाली नाहीत, बहुतेक परत आली, म्हणून कृष्णेला पाणी आलंच नव्हतं असं ब्रह्मनाळच्या, म्हणजे त्या पुरात जिथं बोट उलटून माणसं गेली त्या गावच्या, माणसासमोर कुणी म्हणून दाखवेल का?

एक गोष्ट आमच्या बाजूच्या लोकांना पण सांगायची आहे. "डॉक्टर-नर्सना बारा पट जास्त कोरोना झाला" असं जे फिरतं तेपण अर्धंच आहे. ते इंग्लंड-अमेरिकेच्या एका मोठ्या अभ्यासातनं आलंय, वीस लाखांवर लोक आणि त्यात लाखाच्या आसपास आरोग्य कर्मचारी मोबाइलवर रोज माहिती भरत होते. आकडा ११.६ पट निघाला, पण आमची टेस्ट जास्त वेळा होते, जास्त टेस्ट म्हणजे जास्त पॉझिटिव्ह सापडणार, तो हिशेब धरल्यावर तो ३.४ पटीवर आला. तीन पटपण कमी नाहीत. पण आपण बरोबर असताना फुगवून सांगितलं की समोरच्याला आयतं सापडतं.

आता "बाहेरनं झाला". ह्यात थोडं खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. अमेरिकेत जवळजवळ २५ हजार हॉस्पिटल कर्मचाऱ्यांचा अभ्यास झाला त्यात घरी किंवा बाहेर पॉझिटिव्ह माणसाचा संपर्क ही सगळ्यात मोठी गोष्ट निघाली, वॉर्डातल्या कामाचा वेगळा धोका त्यात दिसला नाही, आणि त्यांचं म्हणणं असं की हॉस्पिटलात घेतलेली काळजी लागू पडत होती म्हणून तसं दिसलं. म्हणजे जिथं काळजी घेतली तिथं हॉस्पिटल बाहेरच्यापेक्षा वाईट राहिलं नाही. पण सगळीकडं तसं नव्हतं. ऑक्सफर्डच्या हॉस्पिटलांत पहिल्या लाटेत १० हजार कर्मचारी तपासले तर कोविडच्या भागात काम करणाऱ्यांत २२.६ टक्के आणि बाकीच्यांत ८.६ टक्के. एकच गाव, एकच बाजार, एकच बस, तरी एवढा फरक, मग तो बाहेरनं कसा आला? स्कॉटलंडमध्ये पेशंटला हात लावणाऱ्या कर्मचाऱ्यांना ॲडमिट व्हायची वेळ इतरांच्या तिप्पट आली, आणि त्यांच्या घरच्यांना जवळजवळ पावणेदोन पट. घरचे काय वॉर्डात गेले नव्हते. तिथं रोग हॉस्पिटलातनं घरात गेला, मेसेज उलटं सांगतोय.

आमच्याकडं मला वाटतं सगळ्यात मोठी चूक चहाच्या खोलीत झाली. वॉर्डात आम्ही सहा-सहा तास किटमध्ये, पाणी नाही, बाथरूम नाही, घाम तळव्यापर्यंत, आणि बाहेर आलं की सुटल्यासारखं वाटायचं, मग त्या बिनखिडकीच्या छोट्या खोलीत सात-आठजणी मास्क काढून डबा खायला बसायचो, दार लावून, कारण बाहेर नातेवाइकांची गर्दी. पेशंटची भीती होती पण शेजारच्या सिस्टरची भीती नव्हती, ती आपलीच होती ना. पहिल्या लाटेत आमच्यातल्या पाचजणी एकाच आठवड्यात पॉझिटिव्ह आल्या, त्यातल्या चौघी एकाच वेळेला जेवायला बसणाऱ्या. हवेतनं पसरतो हे जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट शब्दांत लिहिलं ते एप्रिल २०२१ च्या शेवटी, तोपर्यंत आम्ही फरशी आणि दाराच्या कड्या हायपोनं (जंतू मारायच्या औषधानं) पुसत होतो आणि खिडकी बंदच.

किट-मास्कच्या बिलाबद्दल. बिलाचा राग खरा आहे. मी स्वतः नातेवाइकांना बिल हातात धरून रडताना बघितलंय, राज्य सरकारला मे २०२० मध्ये दर ठरवून द्यावे लागले, वॉर्डला दिवसाला ४,०००, आयसीयूला ७,५०० आणि व्हेंटिलेटरला ९,००० रुपये, ते उगाच नाही. पण किटचे पैसे जास्त लावले म्हणून किट निरुपयोगी होत नाही. चीनमधल्याच ग्वांगडाँग प्रांतातनं ४२० डॉक्टर-नर्स वुहानला पाठवलेले, दीड-दोन महिने सिरियस पेशंटमध्ये काम, घशात नळी घालण्यापासून सगळं केलं, पण किट पूर्ण आणि ते घालायचं-काढायचं ट्रेनिंग पूर्ण. शेवटी सगळ्यांची टेस्ट झाली, एकपण पॉझिटिव्ह नाही. आणि मगाशी सांगितला त्याच इंग्लंड-अमेरिकेच्या अभ्यासात ज्यांना तेच किट परत वापरावं लागलं त्यांचा धोका पुरेसं किट मिळालेल्यांच्या जवळजवळ दीडपट निघाला. आपल्या आयसीएमआरनंपण आपल्याच कर्मचाऱ्यांवर अभ्यास केला होता, त्यात नळी घालणाऱ्यांना धोका चौपटीच्या वर होता आणि किट वापरणाऱ्यांत लागण कमी. दादा, तू विचारतोस ना की आयसीयूतले डॉक्टर का नाही मेले, ते हेच, त्यांना किट मिळालं.

लसीचं थोडक्यात सांगते, कारण ह्यात घोळ घालण्यासारखं काही नाही. लस घेतलेल्यांना कोरोना झाला, हो, मलाच झाला, दोन डोस झाल्यावर. पण वेल्लोरच्या सीएमसी ह्या मोठ्या हॉस्पिटलात दुसऱ्या लाटेत १० हजार ६०० कर्मचाऱ्यांचा हिशेब ठेवला होता. दोन डोसवाल्यांत लागण ६५ टक्क्यांनी कमी, ॲडमिट व्हायचं ७७ टक्क्यांनी, ऑक्सिजन लागायचं ९२ टक्क्यांनी आणि आयसीयू ९४ टक्क्यांनी कमी. त्या काळात तिथं एकच कर्मचारी गेला आणि त्यानं लस घेतली नव्हती. मी घरी आठ दिवस झोपून होते आणि उठले. आदल्या वर्षी, लस नसताना, माझ्या बरोबरीची सिस्टर बावीस दिवस ऑक्सिजनवर होती.

आता मावशींचं. हे वाक्य वाचून मी मोबाइल खाली ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

"कष्टाच्या शरीराला होत नाही" असं म्हणणाऱ्यानं कुणाचं रक्त तपासलंय का? बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात एप्रिल २०२० मध्ये, कामावर आलेल्या, काहीही त्रास नसलेल्या ५१६ कर्मचाऱ्यांचं रक्त तपासलं होतं. सगळ्यात जास्त अँटिबॉडी कुणात सापडल्या असतील? साफसफाई करणाऱ्यांत, ३४.५ टक्के. आयसीयूत काम करणाऱ्यांत १४.८ टक्के. म्हणजे व्हेंटिलेटरच्या पेशंटशेजारी उभं राहणाऱ्यापेक्षा फरशी पुसणारीला दुपटीहून जास्त लागण. अभ्यास करणाऱ्यांनी त्याची जी शक्यता सांगितली ती आम्हाला न सांगता कळते, आयसीयूत चांगल्या प्रतीचं किट होतं, बाकीच्यांना साधा मास्क. ऑक्सफर्डलापण साफसफाईवाले आणि पेशंट इकडून तिकडं नेणारे हेच वरच्या नंबरात, १८.६ टक्के.

आमच्याकडं वेगळं काय होतं? एन-९५ आले की कपाट कुलपात, आधी डॉक्टर, मग सिस्टर, मग उरले तर मामा-मावशी. त्या कंत्राटावर होत्या, हजेरी ठेकेदाराकडं, म्हणून हॉस्पिटलच्या यादीत त्यांचं नावच नाही, आणि यादीत नाव नाही म्हणून किटचं वाटप नाही. किट घालायचं-काढायचं ट्रेनिंग आम्हाला दोनदा दिलं, त्यांना कुणी दिलं नाही, आम्हीच कडेला उभं राहून दाखवलं तेवढं. पेशंटची चादर काढणं, भांडं उचलणं, उलटी पुसणं, वॉर्डातल्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या बांधून खाली नेणं, गेलेल्या माणसाला बांधायला मदत करणं, हे सगळं त्यांनी केलं, पेशंटच्या तोंडाजवळ आमच्याएवढाच वेळ त्या होत्या, फक्त त्याची नोंद कुठल्या चार्टवर होत नव्हती. आणि टेस्ट? लक्षणं असली तरी सांगायच्या नाहीत, कारण पॉझिटिव्ह आलं की चौदा दिवस घरी आणि कंत्राटी माणसाला त्या दिवसांचा पगार नाही. ताप असताना गोळी घेऊन येणारी मावशी मी बघितलीय. "मावशींना काही झालं नाही" हे लोकांना असं दिसलं, कारण त्यांचं झालेलं कुठं लिहिलंच गेलं नाही.

त्यातल्या एक मावशी सप्टेंबर २०२० मध्ये गेल्या. वय एक्कावन्न. नाव लिहीत नाही, घरच्यांना नको आहे. दहा वर्षं त्याच हॉस्पिटलात, डोक्यावरनं पदर कधी ढळला नाही, पहिल्या दिवशी आम्ही नवीन पोरी किट घालताना रडत होतो तर पाठीवर हात फिरवून म्हणाल्या, पोरींनो, लुगडं नेसायला शिकलासा तसं हेबी येतंय.

कोविड ड्युटीतल्या माणसांसाठी केंद्रानं मार्च २०२० मध्ये ५० लाखांचा विमा काढला होता, त्यात कंत्राटी, रोजंदारी, आशा सगळे धरलेले. पण क्लेमच्या कागदात एक सर्टिफिकेट लागायचं, की हे माणूस कोविड पेशंटच्या कामावर नेमलेलं होतं आणि त्याचा पेशंटशी थेट संपर्क आला असू शकतो. मावशींचा मुलगा ते सर्टिफिकेट मागायला गेला तेव्हा मी बरोबर होते. खुर्चीत बसलेल्या साहेबांनी कागद न बघता सांगितलं, त्यांना बाहेरनं झाला असेल, घरात कोण आजारी होतं का बघा. ठेकेदार म्हणाला आमच्याकडं वॉर्ड कुठला ते लिहिलेलं नसतं.

म्हणून दादा, "बाहेरनं झाला" हे तुझ्या मेसेजातलं वाक्य मी पहिल्यांदा त्या ऑफिसात ऐकलंय, कुणाचं तरी पन्नास लाखांचं दार बंद करायला वापरलेलं. आम्ही चार सिस्टर त्या रात्री वॉर्डाची जुनी रजिस्टरं काढून बसलो. मावशींना सही यायची नाही, अंगठा होता. कपाटाच्या किल्ल्या, पिवळ्या पिशव्यांचा हिशेब, बॉडी खाली नेल्याची नोंद, जिथं जिथं तो जांभळा अंगठा सापडला त्या पानांची झेरॉक्स काढली. एकशे बारा पानं झाली, आणि ती सगळी पोराच्या अर्जाला जोडून दिली.