पुन्हा स्पिटफायरच?

जोडून बनवायच्या प्लास्टिकच्या विमानांच्या किटमध्ये अजून एक स्पिटफायर, तेच दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान! नव्या साच्यातलं! मग जुन्या ढीगभर स्पिटफायरचं काय लोणचं घालायचं? अमेरिकी मस्टँग तर पाचवीलाच पुजलेलं. आणि रोमानियाचं लढाऊ विमान आय.ए.आर. ८०? ब्राशोवच्या कारखान्यात बनलेलं, १९३९ साली पहिल्यांदा उडालेलं, १० जून १९४४ ला प्लोएश्तीच्या तेल कारखान्यांवर चालून आलेल्या अमेरिकी लाइटनिंग विमानांना भिडलेलं? त्याच्या वाट्याला ‘मर्यादित उत्पादन’, म्हणजे थोडक्याच संख्येत काढलेलं किट. दुप्पट किंमत मोजा, वर निम्मं काम तुम्हीच करा! पंख जोडायला खुंट्या नाहीत. धडाच्या दोन बाजू एकमेकींशी अबोला धरलेल्या. कडांना प्लास्टिकची झालर. पुट्टी भरा, घासा, परत भरा. मी विमान बनवतोय की भिंत रंगवतोय? कॉकपिटची काच म्हणजे पातळ पारदर्शक फुगवटा, तोही एकच. कापताना हात हलला की वैमानिक उघड्यावर. आणि डिकल्स, म्हणजे पाण्यात भिजवून विमानावर चिकटवायची चिन्हं! रोमानियन विमानांवरच्या, राजा मिहाइच्या पिवळ्या क्रॉसची निळी किनार सरकलेलीच असते. (सरकली नसेल तर पाण्यात पडताच तुकडे.) सूचनापत्रकात बाण हवेत, भागांचे क्रमांक गायब. वर शहाणपणा काय, तर ‘चाकं योग्य कोनात बसवा’. अहो, योग्य म्हणजे किती?